लाइव्ह सर्व्हरचा प्रॉम्प्ट लाल असू द्या

३१ जानेवारी २०१७ च्या रात्री गिटलॅब या कंपनीतल्या एका अभियंत्याने डेटाबेसचा एक फोल्डर पुसण्याची कमांड दिली. जगभरातले प्रोग्रामर आपला कोड या कंपनीकडे ठेवतात, त्यामुळे तिच्या डेटाबेसचे मोल सांगायला नको. डेटाबेसचे सर्व्हर दोन होते. एक मुख्य, आणि दुसरा त्याची सतत नक्कल ठेवणारा. नक्कल ठेवणाऱ्याचे काम अडकले होते, म्हणून त्यावरचा अर्धवट डेटा काढून टाकायचा आणि नक्कल पहिल्यापासून सुरू करायची, असा बेत होता. कमांड गेली ती मुख्य सर्व्हरवर. चूक ध्यानात येऊन ती थांबवायला सेकंद-दोन सेकंद लागले असतील, तेवढ्यात सुमारे ३०० जीबी डेटापैकी साडेचार जीबी शिल्लक राहिला. नावांतला फरक एका आकड्याचा: एका सर्व्हरचे नाव डीबी-वन, दुसऱ्याचे डीबी-टू. कंपनीने प्रकरण झाकले नाही, ही तिची जमेची बाजू. दुरुस्तीचे काम यूट्यूबवर थेट दाखवले आणि काय काय चुकले याचा पाढा स्वतःच जाहीर केला. त्यात बॅकअपचे मोठमोठे मुद्दे होते आणि त्यांच्या रांगेत एक बारीकशी नोंदही होती: टर्मिनलमधला प्रॉम्प्ट बदला. खऱ्या सर्व्हरवर तो लाल दिसू दे, चाचणीच्या सर्व्हरवर पिवळा, आणि प्रत्येक ठिकाणी सर्व्हरचे पूर्ण नाव दिसू दे.

ज्यांनी टर्मिनल कधी उघडले नाही त्यांच्यासाठी थोडा खुलासा. माउसने चित्रांवर क्लिक करण्याऐवजी एकेक ओळ टाइप करून संगणकाला काम सांगायची जी खिडकी असते ती टर्मिनल. ती ओळ वाचून काम पार पाडणारा प्रोग्राम म्हणजे शेल. पुढची कमांड येईपर्यंत शेल ओळीच्या सुरुवातीला जो मजकूर दाखवून थांबतो तो प्रॉम्प्ट. यातले जवळपास सगळे आपल्याला हवे तसे करता येते. प्रॉम्प्टमध्ये काय दिसावे हे ठरवता येते. लांबलचक कमांडला छोटे टोपणनाव देता येते, त्याला अलायस म्हणतात. चार-सहा कमांड एकत्र बांधून, त्यात अटी घालून त्यांना एक नाव देता येते, ते फंक्शन. हे सगळे आपल्या होम फोल्डरमधल्या एका साध्या टेक्स्ट फाइलमध्ये लिहून ठेवायचे, की दर वेळी शेल सुरू होताना ती वाचली जाते. हा उद्योग सहसा हौसेचा समजला जातो. तरुण मुले एकमेकांना रंगीत टर्मिनलचे स्क्रीनशॉट दाखवतात आणि अनुभवी मंडळी त्याकडे कौतुकमिश्रित तुच्छतेने पाहतात. माझ्या मते दोघांचेही चुकते. सर्व्हरवर काम करणाऱ्याने आपला शेल नीट बेतून घेणे हा त्याच्या कामाचाच भाग आहे, आणि त्या बेतण्याची कसोटी एकच असावी: यामुळे अपघात टळतो की वाढतो? ही कसोटी लावली की आज लोकप्रिय असलेल्या बऱ्याच युक्त्या बाद होतात आणि ज्यांच्याकडे कोणी ढुंकून पाहत नाही अशा दोन-तीन गोष्टी वर येतात.

शेल बेतण्याची सोय काही नवी नाही. १९६० च्या दशकाच्या पूर्वार्धात एमआयटीमध्ये लुई पूझाँ या फ्रेंच अभियंत्याने ‘रनकॉम’ नावाचा प्रोग्राम लिहिला. कमांडची यादी फाइलमध्ये लिहायची आणि ती एका दमात चालवायची, एवढेच त्याचे काम. आज लिनक्सवर बॅश या शेलच्या सेटिंगची जी ‘बॅशआरसी’ फाइल असते, तिच्यातले ‘आरसी’ त्या रनकॉमचे. युनिक्सच्या सुरुवातीच्या काळात पडद्याऐवजी टेलिटाइप यंत्रे असत आणि ती सेकंदाला दहा अक्षरे छापत. एलएस, सीपी, एमव्ही, आरएम अशी दोन अक्षरी नावे त्या संथपणातून आली. टोपणनावांची सोय ७० च्या दशकाच्या अखेरीस बर्कलीत बिल जॉयने लिहिलेल्या सी शेलने दिली. १९७९ मध्ये सातव्या आवृत्तीच्या युनिक्सबरोबर आलेल्या बोर्न शेलमध्ये ती नव्हती. १९८९ मध्ये ब्रायन फॉक्सचा बॅश आला, पुढच्या वर्षी पॉल फॉलस्टॅडचा झेडशेल, आणि २०१९ पासून ॲपलने मॅकवर झेडशेल हाच नेहमीचा शेल केला. म्हणजे टाइप करणे वाचवण्याची गरज ज्या यंत्रांमुळे निर्माण झाली ती यंत्रे केव्हाच भंगारात गेली, सवय तेवढी मागे राहिली.

वेग वाढतो हा अलायसच्या बाजूने सर्वांत जास्त ऐकू येणारा मुद्दा. तो तपासून पाहण्यासारखा आहे, कारण त्याला मोजमाप उपलब्ध आहे. स्टुअर्ट कार्ड, टॉमस मोरान आणि ॲलन न्यूएल या तिघांनी १९८० मध्ये संगणकावरचे एखादे काम पार पाडायला किती वेळ लागेल याचा हिशेब मांडायची एक पद्धत प्रसिद्ध केली. बऱ्यापैकी टाइप करणाऱ्याला एक बटण दाबायला त्यांनी सेकंदाचा पाचवा भाग धरला, आणि एखादी कृती करण्याआधी मनाची जुळवाजुळव व्हायला १.३५ सेकंद. आता कोडमधले बदल नोंदवून ठेवणाऱ्या गिट या प्रोग्रामची ‘गिट स्टेटस’ ही प्रोग्रामरच्या बोटांवर बसलेली कमांड घ्या. रोमन लिपीत मधली मोकळी जागा धरून ती दहा अक्षरांची होते. तिचे दोन अक्षरांचे टोपणनाव केले तर आठ बटणे वाचली, म्हणजे साधारण १.६ सेकंद. पण ते टोपणनाव आठवायला क्षणभर जरी थांबावे लागले, तरी मिळवलेले बहुतेक तिथेच खर्च झाले. आठवावे लागतच नाही इतके ते अंगवळणी पडले आहे असे मानले आणि दिवसातून शंभर वेळा वापरले, तरी बचत तीन मिनिटांच्या आतच राहते. ती नको आहे असे कोणी म्हणणार नाही, पण तेवढ्यासाठी दीडशे टोपणनावांचा संसार थाटणे म्हणजे हिशेबात न बसणारा सौदा. खरा वेळ बटणांत जातच नाही. तो जातो ‘आपण आत्ता कुठे आहोत, मागची कमांड नीट पार पडली का, आणि आता जे करणार आहोत ते परत फिरवता येईल का’ या तीन प्रश्नांत. शेलने मदत करायची ती इथे.

यातल्या पहिल्या दोन प्रश्नांचे उत्तर प्रॉम्प्ट देऊ शकतो, आणि बहुतेकांचा प्रॉम्प्ट ते देत नाही. बॅशला कोणतेही सेटिंग न देता सुरू केले तर तो प्रॉम्प्टमध्ये स्वतःचे नाव आणि स्वतःची आवृत्ती सांगतो. जणू कामाच्या ठिकाणी आपल्याला तेच जाणून घ्यायचे असते! लिनक्सच्या वितरणांनी यात सुधारणा केली, पण अर्धवट. रेड हॅटच्या घराण्यात वापरणाऱ्याचे नाव, सर्व्हरचे आखूड नाव आणि ज्या फोल्डरमध्ये आपण आहोत त्याचा फक्त शेवटचा भाग दिसतो. एका सर्व्हरवर ‘डेटा’ नावाचे तीन फोल्डर तीन जागी असतील तर तिन्हीकडे प्रॉम्प्ट एकसारखा. आखूड नाव म्हणजे पहिल्या टिंबापर्यंतचे. कोणता सर्व्हर चाचणीचा आणि कोणता ग्राहकांचा हे बहुतेक ठिकाणी त्या टिंबाच्या पुढे लिहिलेले असते, म्हणजे नेमका कामाचा भाग छाटला जातो. साधा वापरकर्ता आणि सर्वाधिकार असलेला रूट यांच्यातला फरक तर शेवटच्या एका चिन्हावर सोडलेला आहे. साध्यासाठी डॉलर, रूटसाठी हॅश. पहाटे तीन वाजता, सहा खिडक्या उघड्या असताना, त्या एका चिन्हावर भिस्त ठेवायची ही कल्पना ज्यांनी केली त्यांच्यासमोर एका वेळी एकच टर्मिनल असे.

म्हणून प्रॉम्प्टमध्ये काय असावे याबद्दल मी आग्रही आहे. सर्व्हरचे पूर्ण नाव. फोल्डरचा पूर्ण मार्ग, मग तो लांब झाला तरी चालेल. वाटल्यास प्रॉम्प्ट दोन ओळींचा करावा आणि कमांड दुसऱ्या ओळीवर टाइप करावी. मागची कमांड फसली असेल तर ती संपताना जो आकडा देते तो, कारण युनिक्सच्या कमांड यशस्वी झाल्या तर बोलत नाहीत आणि फसल्या तरी काही वेळा बोलत नाहीत. शून्याखेरीज दुसरा आकडा आला तर काहीतरी बिनसले एवढे तरी कळते. घड्याळाची वेळ, कारण दुसऱ्या दिवशी काय घडले याचा माग काढताना वर सरकलेल्या मजकुरात तीच कामी येते. आणि ग्राहक वापरत असलेल्या सर्व्हरवर रंग लाल. रस्त्याकडेच्या डीपीवर ‘धोका’ लिहिलेली पाटी वायरमनसाठीसुद्धा लावून ठेवतात, वीज म्हणजे काय हे त्याला ठाऊक नसते म्हणून नव्हे. याउलट लॅपटॉपची बॅटरी किती उरली, बाहेर तापमान काय, गाणे कोणते चालू आहे, हे प्रॉम्प्टमध्ये घालणारे हुशार लोक आहेत. त्याने डोळ्यांना प्रॉम्प्ट न वाचण्याची सवय लागते. गिटच्या शाखेचे नाव दाखवणे मात्र उपयोगाचे आहे, गिटसोबत त्याची तयार फाइलही मिळते. प्रकल्प अवाढव्य असेल तर दर ओळीला ती तपासणी रेंगाळते, तेव्हा ती आखडती घ्यावी. रंग भरताना एक बारकावा पाळावा लागतो. रंगाचे संकेत पडद्यावर जागा घेत नाहीत हे बॅशला ठरावीक खुणांनी कळवावे लागते. ते राहिले तर ओळीची लांबी चुकीची मोजली जाते, लांब कमांड स्वतःवरच येऊन पडते, आणि आपण जे वाचतो ते प्रत्यक्षात टाइप केलेले नसते. नटवलेला पण चुकीचा प्रॉम्प्ट साध्यापेक्षा वाईट, तो असा.

आता टोपणनावे. त्यांच्याबद्दल माझा नियम कडक आहे: नवे नाव हवे तेवढे द्या, पण आधीपासून अर्थ असलेल्या नावाला हात लावू नका. ‘जीएस’ हे गिट स्टेटसचे टोपणनाव हजारोंच्या फाइलमध्ये असेल. ‘जीएस’ ही घोस्टस्क्रिप्टची मूळ कमांड आहे, पीडीएफ आणि छपाईच्या फाइल हाताळणारी, आणि टोपणनाव दिल्या क्षणापासून ती झाकली जाते. याहून मोठे उदाहरण मायक्रोसॉफ्टचे. विंडोजच्या पॉवरशेलमध्ये ‘कर्ल’ हे नाव त्यांच्या स्वतःच्याच एका कमांडचे टोपणनाव करून ठेवले होते. खरा कर्ल हा वेबवरून मजकूर आणणारा, जगभर वापरला जाणारा वेगळा प्रोग्राम, त्याचे पर्याय वेगळे, त्याची वागणूक वेगळी. नवख्याला ओळखीचे नाव दिसावे हा हेतू चांगलाच होता, पण कुठून तरी उतरवून घेतलेली कर्लची ओळ इथे चालेना आणि का चालेना ते उमगेना. २०१८ मध्ये विंडोज १० बरोबर खराखुरा कर्ल येऊ लागला, तरी जुन्या पॉवरशेलमध्ये तेच नाव टाइप केले की टोपणनावच पुढे यायचे. पॉवरशेलच्या सहाव्या आवृत्तीत अखेर ते टोपणनाव काढून टाकले गेले. एवढ्या मोठ्या कंपनीला जे निस्तरायला वर्षे लागली ते आपण आपल्या फाइलमध्ये एका ओळीत करून ठेवतो.

सुरक्षेच्या नावाखालीही हेच होते. रेड हॅटच्या घराण्यात रूटसाठी ‘आरएम’ या पुसण्याच्या कमांडला टोपणनाव देऊन ठेवलेले असते, की तिने प्रत्येक फाइलमागे ‘पुसू का?’ असे विचारावे. हेतूबद्दल वाद नाही, परिणामाबद्दल आहे. दोनशे फाइल पुसायच्या असतील तर दोनशे वेळा होय म्हणायला कोणाला वेळ आहे? माणूस आठवड्याभरात ‘एफ’ हा पर्याय जोडायला शिकतो. ‘आय’ म्हणजे विचार आणि ‘एफ’ म्हणजे विचारू नको. दोन्ही आले तर जो शेवटी आला तो लागू होतो, आणि टोपणनावातला ‘आय’ नेहमी आधी येतो. संरक्षण तिथेच संपते आणि उरते ते ‘एफ’ जोडण्याचे वळण. ज्यांना ते वळण लागले नाही त्यांची अडचण वेगळी. त्यांना आरएम विचारतेच अशी सवय होते, मग ते अशा सर्व्हरवर जातात जिथे हे टोपणनाव नाही, आणि तिथे आरएम न विचारता पुसते. यापेक्षा पुसण्यासाठी वेगळे नाव ठेवावे, जे फाइल कचरापेटीत हलवील. डेस्कटॉप लिनक्सवर तशी कमांड असतेच. इथे मराठी माणसाच्या हाताशी एक आयती सोय आहे. ‘पुसू’, ‘जागा’, ‘कुठे’ असे आपले शब्द रोमन अक्षरांत लिहून टोपणनावे केली तर ती कोणत्याही मूळ कमांडवर आपटण्याची शक्यता फार कमी, आणि लक्षात ठेवायला वेगळे कष्ट नाहीत. ‘जागा’ म्हटले की डिस्कवर किती जागा उरली ते दिसावे, यात पाठ काय करायचे? दुसऱ्या सर्व्हरवर ते नाव नसले तर ‘अशी कमांड नाही’ एवढे उत्तर येते आणि नुकसान शून्य. नव्या नावाची हीच मोठी खुबी, की नसेल तिथे ते काही न बिघडवता अपयशी ठरते.

फंक्शनची ताकद टोपणनावाच्या पुष्कळ पुढची आहे. बॅशच्या अधिकृत माहितीपुस्तिकेतही बहुतेक सगळ्या कामांसाठी टोपणनावाऐवजी फंक्शन वापरावे असाच सल्ला दिलेला आहे. टोपणनाव म्हणजे केवळ शब्दाच्या जागी शब्द. त्याला मध्ये काही घालता येत नाही. फंक्शनला दिलेले नाव, मार्ग, आकडा ते हवे तिथे वापरते. अगदी साधे उदाहरण: नवा फोल्डर बनवायचा आणि लगेच त्यात शिरायचे. दोन कमांड, आणि दोन्हींत फोल्डरचे नाव लिहावे लागते. फंक्शन केले तर नाव एकदाच लिहायचे, आणि पहिली कमांड फसली तर दुसरी चालवायचीच नाही अशी अट मध्ये घालता येते. हेच काम वेगळ्या स्क्रिप्टने होत नाही, कारण स्क्रिप्ट आपल्या स्वतंत्र प्रक्रियेत चालते. ती तिथे फोल्डर बदलते आणि संपते, आपण होतो तिथेच राहतो. पण फंक्शनचा माझ्या लेखी मोठा उपयोग म्हणजे त्यात अडसर घालता येतो. २८ फेब्रुवारी २०१७ रोजी, गिटलॅबच्या प्रकरणाला महिनाही झाला नव्हता तेव्हा, ॲमेझॉनच्या एस-थ्री या साठवण सेवेच्या उत्तर व्हर्जिनियातल्या केंद्रात काही सर्व्हर बाजूला काढायची कमांड दिली गेली. कमांड ठरलेल्या पद्धतीतलीच होती, पण तिला दिलेली एक गोष्ट चुकीची टाइप झाली आणि अपेक्षेपेक्षा कितीतरी जास्त सर्व्हर निघाले. काही तास असंख्य वेबसाइट अडून बसल्या. नंतर ॲमेझॉनने जाहीर केलेली पहिली दुरुस्ती ते साधन बदलण्याची होती: ते आता सर्व्हर सावकाश काढील, आणि किमान गरजेच्या खाली संख्या जाणार असेल तर काढणारच नाही. माणसाला ‘पुढच्या वेळी जपून’ एवढे सांगून ते थांबले नाहीत.

अडसर कसा असावा याचा एक छान नमुना डेबियन लिनक्सवर मिळतो, त्याचे नाव मॉली-गार्ड. दूरच्या सर्व्हरवर एसएसएचने शिरून कोणी बंद करायची किंवा रीबूट करायची कमांड दिली, तर तो म्हणतो, आधी या सर्व्हरचे नाव टाइप करा. नाव चुकले की काम रद्द. ‘होय की नाही’ या प्रश्नाला बोटे परस्पर होय म्हणून मोकळी होतात. नाव टाइप करायचे तर आपण कुठे आहोत हे मनाला एकदा विचारावेच लागते. गिटहबवर प्रकल्प कायमचा काढून टाकताना त्याचे नाव लिहायला लावतात, ते याच कारणाने. वाचक म्हणेल, मॉली-गार्डसुद्धा जुन्याच नावावर बसतो, मग वरचा कडक नियम कुठे गेला? प्रश्न रास्त आहे. मी अपवाद मान्य करतो तो दोन अटींवर. कमांड क्वचित लागणारी असावी, म्हणजे प्रश्नाची सवय जडत नाही. आणि त्याचे उत्तर सवयीने देता येऊ नये. आरएमचे टोपणनाव दोन्ही अटींत नापास होते. आपल्या रोजच्या कामात जी कमांड ग्राहकांच्या सर्व्हरवर नवा कोड चढवते किंवा डेटाबेसला हात लावते, तिच्याभोवती असे सर्व्हरचे नाव विचारणारे फंक्शन लिहिणे हे दहा ओळींचे काम आहे.

याविरुद्धचा सर्वांत जोरकस आक्षेप जुन्या सर्व्हर-प्रशासकांचा. ते म्हणतात, आम्हाला शेकडो सर्व्हरवर जावे लागते, तिथे आपली फाइल नसते, म्हणून हाताला मूळ कमांडचीच सवय हवी. नव्या नावांपुरता हा आक्षेप मला मान्य आहे. म्हणूनच टोपणनावे मूठभर असावीत असे मी म्हणतो. पण प्रॉम्प्ट आणि अडसर यांना तो लागू होत नाही, कारण या दोन गोष्टी माणसाने सोबत न्यायच्याच नाहीत. त्या सर्व्हरवरच, सगळ्यांसाठी, संस्थेने बसवायच्या. एखाद्याने स्वतःच्या लॅपटॉपवर लाल प्रॉम्प्ट केला तर त्याचा एकट्याचा फायदा. सर्व्हरच्या सामाईक सेटिंगमध्ये केला तर रात्रपाळीला नव्याने आलेल्यालाही तो दिसतो. शेल बेतण्याला वैयक्तिक आवडीनिवडीचा विषय समजण्याने ही जबाबदारी कोणाचीच राहिलेली नाही.

दुसरा आक्षेप असा, की गिटलॅबचा डेटा गेला तो बॅकअप चालत नव्हते म्हणून, प्रॉम्प्टचे काय घेऊन बसलात? बॅकअपबद्दलचे म्हणणे खरेच आहे. पाच वेगवेगळ्या सोयी असून एकीवरही विसंबता आले नाही. नियमित बॅकअप घेणारा प्रोग्राम आवृत्तीच्या घोळाने मुकाट फसत होता आणि त्याच्या तक्रारीचे ईमेल पोचतच नव्हते. सहा तासांपूर्वी हाताने घेतलेली एक प्रत होती म्हणून निभावले. पण बॅकअप झालेल्या चुकीवर उपाय करतो, प्रॉम्प्ट चूक होण्याआधीच्या क्षणी समोर असतो. एक दुरुस्त करायला आठवडे लागतात, दुसऱ्याला एक ओळ. कंपनीने आपल्या यादीत दोन्ही लिहिले, एकाच्या नावावर दुसरे टाळले नाही.

तयार चौकटींबद्दलही बोलले पाहिजे. २००९ मध्ये रॉबी रसेलने सुरू केलेले ‘ओह माय झेडशेल’ आज अफाट लोकप्रिय आहे आणि त्यात टोपणनावांची खैरात आहे. त्यातले ‘जीपी’ म्हणजे गिट पुश, आपला कोड बाहेर पाठवणे. आणि ‘जीएल’ म्हणजे गिट पुल, बाहेरचा कोड आत घेणे. शेजारच्याच्या स्वतः लिहिलेल्या फाइलमध्ये ‘जीपी’ म्हणजे पुल असू शकते. त्याच्या मशीनवर बसून आपण ते दाबले तर? शिवाय न वाचलेली फाइल दर वेळी आपल्या अधिकाराने चालते, हे विसरता येत नाही. आपल्या सेटिंगच्या फाइलमध्ये दुसऱ्या कोणी एक ओळ घुसवली तर पासवर्ड मागणाऱ्या ‘सुडो’च्या नावाखाली काहीही चालवता येते. २०१४ च्या सप्टेंबरमध्ये उघड झालेला ‘शेलशॉक’ हा दोष तर बॅश एका प्रक्रियेतून दुसरीकडे फंक्शन कसे पोचवतो त्यातच होता, आणि तो जवळजवळ बॅशच्या जन्मापासून तिथे बसला होता. म्हणून नियम साधा ठेवावा: आपल्या फाइलमधली प्रत्येक ओळ काय करते हे आपल्याला सांगता आले पाहिजे, जी सांगता येत नाही ती काढावी. चौकट वापरायला हरकत नाही, पण मग तिच्यातला हवा तो भाग वाचून, निवडून घ्यावा.

आता कमांड एआयच लिहून देतो, मग हे सगळे कशाला, असेही म्हटले जाते. मला वाटते गरज यामुळे वाढली. स्वतः लिहिलेली कमांड माणूस लिहिता लिहिता निदान अर्धी तरी वाचतो, उचलून डकवलेली वाचेलच असे नाही. कमांड कितीही बिनचूक असली तरी ती कोणत्या सर्व्हरवर डकवली जाते आहे हे ती लिहून देणाऱ्याला ठाऊक नसते. ते प्रॉम्प्टलाच ठाऊक असते.

हा विषय आपल्याकडे दूरचा नाही. हिंजवडीत आणि ऐरोलीत रात्री जागून अमेरिकेतल्या नि युरोपातल्या कंपन्यांचे सर्व्हर सांभाळणारी मुले-मुली आहेत. त्यांच्यातली बरीच जण शेल पहिल्यांदा पाहतात ती अभियांत्रिकीच्या दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी, ऑपरेटिंग सिस्टिमच्या प्रयोगाच्या तासाला. तिथे शेल स्क्रिप्टने पत्त्यांची वही बनवायला लावतात: नोंद घाला, शोधा, बदला, पुसा. ती वही नंतर कोणी उघडत नाही. त्याऐवजी, किंवा हवे तर त्याच्या जोडीला, विद्यार्थ्याने स्वतःचा प्रॉम्प्ट लिहावा, सर्व्हरचे नाव विचारणारे एक फंक्शन लिहावे, आणि प्रत्येक ओळ तोंडी परीक्षेत समजावून सांगावी. अटी, चल, फसलेल्या कमांडचा आकडा हे सगळे त्यात आपोआप शिकले जाते, आणि जर्नल सही होऊन गेल्यावरही ते हाताशी राहते. अभ्यास मंडळांवर असलेल्यांनी याचा विचार करावा. आणि ज्यांच्या हाताखाली सर्व्हरची टीम आहे त्यांनी उद्या सकाळी एक करून पाहावे: चाचणीचा सर्व्हर आणि ग्राहकांचा सर्व्हर शेजारी शेजारी उघडायचे, टीममधल्या सगळ्यात नव्या माणसाला बोलवायचे आणि फक्त प्रॉम्प्टकडे पाहून कोणता कोणता ते विचारायचे. तो क्षणभर जरी अडखळला, तरी दुपारच्या आत दोन्ही सर्व्हरचे प्रॉम्प्ट बदलून घ्या.